ख्रिस्ती धर्मातील विश्वास आणि आचरण : एका धर्मसभेचा ठराव



आपल्यापैकी पुष्कळांचे सोयरे ख्रिस्ती आहेत. ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात त्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून काम केले आणि महार-मांग समाजातील अनेक घराण्यांनी तेथे बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे एकाच आडनावाची दोन घरे, एक बौद्ध आणि एक ख्रिस्ती, असे चित्र त्या भागात आजही दिसते. लग्नकार्यात, मर्तिकात ही माणसे एकत्र येतात आणि कधी ना कधी वाद निघतोच. ख्रिस्ती पाहुणा म्हणतो, "आमच्या धर्मात जातिभेद नाही. शास्त्रात कोठे असेल तर दाखवा." आपला तरुण उलट विचारतो, "मग सोयरीक जुळवताना जात कशाला विचारता?" पाहुणा शास्त्राचे बोलतो, तरुण व्यवहाराचे बोलतो. दोघेही खरेच बोलतात, आणि म्हणूनच वाद मिटत नाही.

धर्माची पारख त्याच्या ग्रंथावरून करावी की तो मानणाऱ्यांच्या वागण्यावरून, हा प्रश्न या वादाच्या मुळाशी आहे. ख्रिस्ती लोकांनी स्वतःच हा प्रश्न आपल्या धर्माच्या पहिल्या शतकापासून हाताळलेला आहे. त्यांनी त्याला काय उत्तर दिले आणि ते उत्तर एका देशात कसे मोडले, हे या पाठात पाहू. पाठ थोडा लांब आहे. घरात एकाने मोठ्याने वाचावा व इतरांनी ऐकावा, म्हणजे सोपा जाईल.

प्रथम 'विश्वास' हा शब्द समजून घेऊ. देव आहे एवढे मान्य करणे, असा त्याचा अर्थ ख्रिस्ती माणूस करीत नाही. येशूच्या क्रूसावरील मरणाने आपला उद्धार झाला, यावर सर्व भरवसा टाकून जगणे म्हणजे विश्वास. नव्या करारात संत पौलाची पत्रे आहेत. त्यांत तो पुन्हा पुन्हा सांगतो की मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी नीतिमान ठरत नाही, विश्वासाने ठरतो. त्याच नव्या करारात याकोबाचेही एक छोटे पत्र आहे. याकोब म्हणतो की कृतीवाचून असलेला विश्वास मेलेला आहे. एकच देव आहे असे तर भुतेही मानतात. वरवर पाहता ही दोन मते एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. सोळाव्या शतकात जर्मनीत पोपच्या सत्तेविरुद्ध बंड करणारा मार्टिन ल्यूथर पौलाच्या बाजूचा होता. १५२२ साली आपल्या नव्या कराराच्या भाषांतराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला इतर पत्रांच्या तुलनेत गवताच्या काडीची उपमा दिली. तरीही, खरा विश्वास असेल तर त्यातून सत्कृत्ये आपोआप निघाल्यावाचून राहत नाहीत, असे ल्यूथरही म्हणतच होता.

पंडितांचा हा वाद आपण त्यांच्याकडेच ठेवू. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. याकोबाने कृतीचे उदाहरण कोणते दिले ते पाहा. तो म्हणतो, तुमच्या सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला चांगली जागा देता, आणि मळक्या कपड्यांचा गरीब आला की त्याला उभे राहायला किंवा पायापाशी बसायला सांगता. असा भेद करणारे तुम्ही कसला विश्वास बाळगता? आणि पौल? गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो अंत्युखिया नगरातील एक प्रसंग सांगतो. पेत्र हा येशूचा थोर शिष्य तेथे यहुदी नसलेल्या बांधवांबरोबर एका पंगतीला जेवत असे. पुढे याकोबाकडून काही कर्मठ मंडळी आली, तेव्हा त्यांच्या भयाने तो त्या पंगतीतून अंग काढू लागला. पौलाने त्याला सर्वांदेखत तोंडावर दोष दिला. केवळ विश्वासाने तारण होते असे सांगणारा हाच पौल, पण पंगत मोडली तेव्हा त्याला ती किरकोळ बाब वाटली नाही. पेत्र सुवार्तेच्या सत्याला धरून चालत नाही, असे तो म्हणाला.

ज्यांच्या वाडवडिलांना पंगतीचा अर्थ पाठीवर वळ उठेपर्यंत शिकविला गेला, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच विश्वासाची कसोटी दोन ठिकाणी लागली : कोणाला कोठे बसविता, आणि कोणाबरोबर जेवता.

जेवणाला या धर्मात आणखी एक अर्थ आहे. मरणाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर भाकर व द्राक्षारस घेतला, त्याची आठवण म्हणून मंडळीत प्रभुभोजन होते. भाकर एक आणि प्याला एक. त्यात वाटेकरी होणारे सर्व एक शरीर आहेत, असे पौल सांगतो. ज्याचा बाप्तिस्मा झाला आणि ज्याने विश्वास कबूल केला, त्याला या मेजावरून उठविण्याचा अधिकार त्याच्या जन्मावरून कोणालाही नाही. ही झाली श्रद्धा.

हिंदुस्थानात याचे काय झाले, याची थोडी माहिती वाचकांना असेलच. तंजावर व मद्रासकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उच्च जातीचे ख्रिस्ती वेगळ्या बाजूला बसत आणि प्याला प्रथम ते घेत. अस्पृश्य ख्रिस्ती मागाहून. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्रक काढले की जातिभेद मंडळीतून तत्काळ व कायमचा गेला पाहिजे. पत्रक वाचल्यावर अनेक उच्चवर्णीय ख्रिस्ती मंडळी सोडून निघाले, पण बिशपांनी शब्द मागे घेतला नाही. तिरुनेलवेली भागातील वडक्कनकुलम येथे कॅथलिकांनी १८७२ साली पाटलोणीच्या आकाराचे देऊळ बांधले : दोन पाय दोन जातींना, वेदी मात्र एक. तेथील भिंत पाडायला १९१० साल उजाडावे लागले. आणि डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चमध्ये अस्पृश्यता अजून पाळली जाते याची त्यांनी स्वतःच लेखी कबुली दिली. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे कॅथलिक चर्चचे पहिले दलित कार्डिनल झाले ते २०२२ साली.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विषयाचा खोल अभ्यास केला होता. त्यांचे त्यावरील दोन निबंध १९८९ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या पाचव्या खंडात आहेत. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, याचे श्रेय ते मोकळेपणाने देतात. त्यांचा प्रश्न पुढचा आहे : ख्रिस्ती झालेल्याचे सामाजिक जीवन बदलले काय? जात तशीच राहिली, हे त्यांचे उत्तर आहे. अस्पृश्याची अवनती त्याच्या पापामुळे झाली असे शिकवून, त्याला खाली ढकलणाऱ्या समाजरचनेकडे या शिकवणुकीने डोळेझाक केली, असाही त्यांचा आक्षेप आहे.

आपल्याकडची उदाहरणे देऊन मी येथेच थांबलो असतो, तर कोणी म्हणेल, "हा हिंदूंच्या जातीचा दोष, ख्रिस्ती धर्माचा नव्हे. जेथे हिंदू नाहीत तेथे पाहा." हे म्हणणे वाजवी आहे. म्हणून जेथे ग्रंथात जात नव्हती, भोवती मनुस्मृती नव्हती, तेथे काय झाले ते पाहू. तो देश दक्षिण आफ्रिका. तो निवडण्याचे दुसरेही कारण आहे. तेथील चर्चने आपला प्रत्येक निर्णय ठराव करून लिहून ठेवला आहे, त्यामुळे श्रद्धा कोणत्या पायरीवर आणि कशी घसरली हे तारीखवार दिसते.

१६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने केप येथे, म्हणजे आजच्या केपटाऊनला, ठाणे वसविले. कंपनीबरोबर डच रिफॉर्म्ड चर्च आले. पाठोपाठ गुलामही आले. ते मादागास्करचे होते, मोझांबिकचे होते, जावा बेटाचे होते, आणि बंगाल, मलबार व कोरोमंडल किनाऱ्याचेही होते. जुन्या दफ्तरांत 'व्हान बेंगालेन', 'व्हान मलबार' अशी नावे आढळतात. ती आपल्याच देशातून विकत नेलेली माणसे.

या चर्चची श्रद्धा कच्ची नव्हती. १६१८-१९ साली हॉलंडमधील डॉर्ट या गावी त्यांची मोठी धर्मसभा भरली होती. तिच्यापुढे गुलामांच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न आला असता तेथील मत असे पडले की ज्या गुलामाचा बाप्तिस्मा झाला त्याला इतर ख्रिस्ती माणसाप्रमाणेच स्वातंत्र्याचा हक्क असावा. किती सुंदर तत्त्व! आता व्यवहार पाहा. कंपनी आपल्या मालकीच्या गुलामांच्या मुलांना बाप्तिस्मा देत असे, परंतु खासगी मालक आपल्या गुलामांना बाप्तिस्मा देण्याच्या भानगडीत सहसा पडत नसत. १७७० साली ख्रिस्ती गुलाम विकता येणार नाही असा नियम झाला, तेव्हा तर मालक अधिकच सावध झाले. बाप्तिस्म्याने माल विकण्याजोगा राहत नाही, मग बाप्तिस्मा नको! शेवटी १८१२ साली इंग्रज गव्हर्नरने बाप्तिस्म्याच्या आड येतो म्हणून तो नियमच काढून टाकला. दरम्यान केपटाऊनमधील पुष्कळ गुलामांनी इस्लाम जवळ केला. तत्त्व उदार असले आणि त्याची किंमत मोजायची तयारी नसली, की तत्त्वच माणसाला दाराबाहेर ठेवण्याचे साधन बनते. हे येथे प्रथम दिसले.

१८३४ साली ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद झाली. केपच्या गुलामांची प्रत्यक्ष सुटका १८३८ साली झाली. मिशनऱ्यांच्या कामामुळे मूळचे खोई लोक, सुटलेले गुलाम आणि मिश्रवंशीय, ज्यांना तेथे 'कलर्ड' म्हणत, असे अनेकजण ख्रिस्ती होऊन त्याच चर्चमध्ये येऊ लागले. सुटकेच्या आधीच, १८२९ साली, सॉमरसेट वेस्ट या गावचा प्रश्न धर्मसभेपुढे आला होता. एका बिगरगोऱ्या सभासदाला गोऱ्यांच्या बरोबरीने प्रभुभोजन द्यावे काय? धर्मसभेने स्पष्ट सांगितले की प्रभुभोजन रंग वा वंशाचा भेद न करता सर्वांना एकत्र दिले जावे, हे देवाच्या वचनावर आधारलेले न ढळणारे तत्त्व आहे. न ढळणारे! हा शब्द ध्यानात ठेवावा, कारण अठ्ठावीस वर्षांत ते ढळले.

पूर्वेकडे स्टॉकनस्ट्रॉम नावाची मंडळी होती. १८५५ च्या सुमारास तेथील काही गोऱ्या वसाहतवाल्यांनी मागणी केली की आम्हाला प्रभुभोजन वेगळे मिळावे. बाब १८५७ साली केपच्या धर्मसभेत गेली. आपल्याकडे उत्तरेत इंग्रजांविरुद्ध उठाव झाला तेच हे वर्ष. चर्चा पुष्कळ झाली. शेवटी अँड्र्यू मरे नावाच्या वयोवृद्ध पाळकांनी तडजोडीचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. ठरावाचा आशय असा : नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना शक्य तेथे आहे त्या मंडळीतच घ्यावे हे इष्ट आहे आणि पवित्र शास्त्राला धरून आहे. परंतु काहींच्या दुबळेपणामुळे जेथे असे करण्याने ख्रिस्ताच्या कार्यास अडथळा येईल, तेथे त्या लोकांनी आपले धार्मिक हक्क वेगळ्या इमारतीत उपभोगावेत.

हा ठराव दोनदा वाचावा. यात 'काळ्या माणसाला मेजावर बसवू नका' असे कोठेही म्हटलेले नाही. पहिल्या अर्ध्यात तत्त्व जसेच्या तसे आहे. श्रद्धेला हातसुद्धा लावलेला नाही. फक्त 'परंतु' आला, आणि त्याच्यामागे एक सोय आली. धर्मसभेतील पुष्कळांना ही तात्पुरती सवलत वाटली असेल. ते दुष्ट लोक नव्हते. मरे हे तर मोठे भक्तिमान गृहस्थ म्हणून ओळखले जात. मला या गोष्टीतला हा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो. वाईट माणसांनी वाईट ठराव केला असता तर त्यात शिकण्यासारखे फार थोडे राहिले असते.

'दुबळेपणा' हा शब्द त्यांनी कोठून घेतला? तोही पौलाच्याच पत्रांतून. तेथे संदर्भ असा आहे की काही भाबड्या बांधवांना अमुक अन्न खाण्याने पाप लागेल असे वाटते. जे समजूतदार आहेत त्यांनी अशा दुबळ्यांचे मन दुखवू नये, त्यांच्यासाठी आपणच थोडे सोडावे. पौलाचा दुबळा माणूस संकोची आहे, भित्रा आहे. १८५७ च्या ठरावातला दुबळा कोण? ज्याच्याकडे जमीन आहे, बंदूक आहे, चर्चच्या पंचमंडळात जागा आहे, आणि ज्याला आपल्या शेतावरच्या मजुराशेजारी बसून एका प्याल्याने पिणे सहन होत नाही, तो! आणि त्याच्यासाठी 'सोडायचे' कोणी? मजुराने. शब्द धर्मग्रंथातला, अर्थ मात्र पार उलटा.

येथून पुढची उतरण भराभर झाली. वेगळ्या वेळेचे भोजन झाले, मग वेगळी इमारत झाली, मग वेगळी मंडळी झाली. १८८१ साली कलर्ड ख्रिस्ती लोकांसाठी निराळे मिशन चर्चच स्थापन करण्यात आले. गोऱ्यांचे ते 'आई' चर्च आणि हे 'मुलगी' चर्च. मुलगी कितीही वाढली तरी किल्ल्या आईच्याच कमरेला. पुढे काळ्या आफ्रिकनांसाठी तिसरे चर्च झाले. आणि १९६८ साली हिंदी लोकांसाठी चौथे, इंडियन रिफॉर्म्ड चर्च. उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नाताळ प्रांतात नेलेल्या आपल्या देशबांधवांच्या नातवंडा-पतवंडांसाठी ही सोय होती. एक देव, एक शास्त्र, एकच प्रश्नोत्तरावली, आणि चार कातडींची चार चर्चेस.

आता आचरण बदलून शंभर वर्षे होत आली होती. माणसाला आपल्या आचरणाला आधार लागतो. 'दुबळेपणामुळे' असे किती दिवस म्हणायचे? आपण रोज जे करतो ते पाप आहे असे मानून पिढ्यान् पिढ्या जगता येत नाही. म्हणून श्रद्धेचीच डागडुजी सुरू झाली. १९४४ साली ब्लूमफाँटेन येथील एका मोठ्या परिषदेत कवी व बायबलचे भाषांतरकार जे. डी. द्यू टॉइट, ज्यांना 'टोटियस' म्हणत, यांनी वंशभेदाच्या धोरणाला धार्मिक पाया दिला. हे दुसऱ्या एका रिफॉर्म्ड चर्चचे होते, पण त्यांचा युक्तिवाद सर्वत्र उचलला गेला. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने प्रकाश व अंधार वेगळे केले, पाणी व भूमी वेगळी केली. बाबेलच्या बुरुजापाशी माणसांच्या भाषा वेगळ्या करून त्यांना पांगविले. म्हणजे देव हा वेगळे करणारा आहे, आणि त्याने जे वेगळे केले ते माणसाने एकत्र करू नये! १८५७ साली जो दुबळेपणा होता, त्याची १९४४ साली देवाची इच्छा झाली.

१९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली. पंतप्रधान डॉ. मालान हे पूर्वी डच रिफॉर्म्ड चर्चचे पाळक होते. मिश्रविवाह बंदी १९४९, लोकसंख्या नोंदणी व निवासक्षेत्रांचा कायदा १९५०. ही सर्व मालिका आली. चर्चमधील वेगळ्या इमारतीचे आता वेगळ्या गावठाणात रूपांतर झाले. आपल्याला गावकुसाबाहेरचा अर्थ सांगावा लागत नाही. तेथे तो सरकारी नकाशावर रंगवून दाखविला होता. बी. बी. कीट, बेन मारे यांच्यासारख्या त्याच चर्चच्या विद्वानांनी पन्नाशीच्या दशकात सांगून पाहिले की शास्त्रात याला आधार नाही. त्यांचे कोणी ऐकले नाही. १९७४ साली तर चर्चच्या सर्वसाधारण धर्मसभेने 'वंश, लोक व राष्ट्र' या विषयावरील अहवाल मंजूर करून वेगळ्या विकासाच्या धोरणाला शास्त्राधार असल्याचे मान्य केले.

मध्यंतरी एक संधी येऊन गेली. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पास कायद्याविरुद्ध निदर्शने करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या व ६९ माणसे मेली. त्याच वर्षी डिसेंबरात जोहान्सबर्गजवळ कॉट्स्लो येथे जागतिक चर्च परिषदेच्या पुढाकाराने बैठक भरली. डच रिफॉर्म्ड चर्चचे प्रतिनिधीही होते. वंशावरून कोणालाही कोणत्याही चर्चमधून वगळता येणार नाही, असे मत तेथे त्यांच्या संमतीने नोंदले गेले. पंतप्रधान फेरवूर्ड संतापले. काही महिन्यांत त्या चर्चच्या धर्मसभांनी आपल्याच प्रतिनिधींचे म्हणणे झिडकारले आणि जागतिक परिषदेतून अंग काढून घेतले.

त्या प्रतिनिधींत बेयर्स नॉडे होते. त्यांचे वडील गोऱ्यांच्या 'ब्रूडरबाँड' या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी. स्वतः नॉडे त्या संघटनेचे सभासद, मोठ्या मंडळीचे पाळक, प्रांतिक धर्मसभेचे अध्यक्ष. सर्व दारे उघडी होती. पण कॉट्स्लोला दिलेला शब्द त्यांनी मागे घेतला नाही. १९६३ साली त्यांनी सर्व वंशांच्या ख्रिस्ती लोकांसाठी 'ख्रिश्चन इन्स्टिट्यूट' काढली. चर्चने सांगितले, पाळकपद किंवा ही संस्था, एक निवडा. नॉडे यांनी आपल्या मंडळीपुढे शेवटचे प्रवचन केले आणि पाळकाचा झगा उतरवून ठेवला. १९७७ साली सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. या बंदीत माणसाला एका वेळी एकाहून अधिक व्यक्तींशी भेटता येत नसे. ती सात वर्षे चालली. त्या काळात, १९८० साली, त्यांनी गोऱ्यांचे चर्च सोडले आणि काळ्या आफ्रिकनांच्या चर्चचे साधे सभासद झाले. ख्रिस्ती धर्मात आचरण नाही असे सरसकट म्हणणाऱ्या आपल्या तरुणांनी हे नाव पाठ करावे.

परंतु खरे वळण गोऱ्यांच्या पश्चात्तापाने आले नाही. ज्यांना १८५७ साली वेगळ्या इमारतीत धाडले, त्यांच्या नातवंडांनी ते आणले. १९७८ साली कलर्ड मिशन चर्चच्या धर्मसभेने म्हटले की अपार्थाइड, म्हणजे वंशविलगीकरण, हे सुवार्तेच्या विरुद्ध आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये जगातील रिफॉर्म्ड चर्चांची परिषद कॅनडातील ओटावा येथे भरली. आरंभीच्या उपासनेत प्रभुभोजन होते. दक्षिण आफ्रिकेतील काळ्या व कलर्ड प्रतिनिधींपैकी काहीजण मेजापाशी गेले नाहीत. घरी ज्यांच्या मेजावर आम्हाला जागा नाही, त्यांच्याबरोबर येथे परदेशात, पाहुण्यांपुढे भाकर मोडणे हे खोटे ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. सव्वाशे वर्षे ज्यांना मेज नाकारले, त्यांनी आता आपण होऊन ते नाकारले. सभागृह हादरले. परिषदेने ठराव केला की अपार्थाइड हे पाप आहे, आणि त्याचे धार्मिक समर्थन हा पाखंड आहे. गोऱ्यांच्या दोन चर्चांचे सभासदत्व स्थगित झाले. परिषदेचे अध्यक्ष म्हणून मिशन चर्चचे पाळक अ‍ॅलन बुसाक यांची निवड झाली.

'पाखंड' हा शब्द फार भारी आहे. वागण्यात चूक झाली तर ख्रिस्ती परिभाषेत ते पाप. पाखंड म्हणजे श्रद्धेतच बिघाड. तुमची श्रद्धा शुद्ध आहे, फक्त आचरण कमी पडते, असे म्हणून गोऱ्या चर्चला सोडून देणे परिषदेला सोपे होते. तिने तसे केले नाही. इतकी वर्षे असे वागल्यावर तुमची श्रद्धाही ती राहिलेली नाही, असे तिने सांगितले. पौल व याकोब यांच्या जुन्या वादाला विसाव्या शतकात मिळालेले हे उत्तर आहे, असे मला वाटते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मिशन चर्चची धर्मसभा केपटाऊनजवळ बेल्हार येथे भरली. कलर्ड लोकांसाठी राखलेल्या वस्त्यांपैकी ती एक वस्ती. तेथे एक नवा विश्वासाचा कबुलीजबाब तयार झाला; १९८६ साली तो रीतसर स्वीकारला गेला. मंडळीची एकता, माणसामाणसांतला समेट आणि न्याय या तीन गोष्टींवर तो उभा आहे. ही एकता डोळ्यांना दिसली पाहिजे, मनातल्या मनात असून भागत नाही, असे तो म्हणतो. देव विशेषेकरून गरिबांचा, निराधारांचा व अन्याय सोसणाऱ्यांचा देव आहे, आणि मंडळीने तो जेथे उभा आहे तेथे उभे राहावे, असेही म्हणतो. सोबतच्या पत्रात खुलासा आहे की हा आरोप कोणा माणसांवर नाही, खोट्या शिकवणुकीवर आहे. ज्यांनी शंभर वर्षे दाराबाहेर काढली त्यांनी इतक्या संयमाने लिहावे, हे विशेष.

पुढचे थोडक्यात. १९८६ साली गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चने सभासदत्व सर्व वंशांना खुले केले. लगेच दुसऱ्या वर्षी काही हजार गोरे बाहेर पडले आणि केवळ गोऱ्यांसाठी नवे चर्च काढून बसले. नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टनबर्ग येथील चर्चांच्या परिषदेत प्राध्यापक विली यॉन्कर यांनी आपल्या वतीने व आपल्या चर्चच्या वतीने अपराधाची जाहीर कबुली दिली, आणि आर्चबिशप डेस्मंड टूटू यांनी तेथल्या तेथे उठून क्षमा जाहीर केली. टूटूंना क्षमा करण्याचा अधिकार कोणी दिला, असे काही काळ्या पाळकांनी विचारले. तो प्रश्नही वाजवीच होता. १९९४ साली कलर्ड व आफ्रिकन चर्चेस एक होऊन युनायटिंग रिफॉर्म्ड चर्च झाले. हिंदी लोकांचे चर्च त्यात गेले नाही. १९९८ साली गोऱ्या चर्चच्या धर्मसभेने अपार्थाइड पाप असल्याचे मान्य केल्यावर जागतिक परिषदेने स्थगिती उठविली.

राहिले मूळ चर्चशी एकीकरण. युनायटिंग चर्चचे म्हणणे होते की एक व्हायचे तर बेल्हारचा कबुलीजबाब स्वीकारा. डच रिफॉर्म्ड चर्चच्या नियमाप्रमाणे श्रद्धेचा आधार बदलायला प्रांतिक धर्मसभांत दोन-तृतीयांश मते लागतात. ती २०१५ पर्यंत जमली नाहीत. मजकुरात चूक काय आहे, असे विचारले असता विरोधकांपैकी पुष्कळांचे उत्तर असे की मजकुराला आमची हरकत नाही, पण तो ज्या काळात व ज्या लोकांकडून आला ते आम्हाला मानवत नाही. प्रभुभोजनाचे मेज आता दोन्हीकडे सर्वांना खुले आहे. रविवारी सकाळी घंटा झाली की बहुतेक गावांत माणसे अजूनही दोन वेगळ्या इमारतींकडे निघतात.